पुढचा प्रशिक्षक कोण?

मागच्या सत्रातली गोष्ट. तृतीय वर्षाच्या वर्गात सार्वजनिक खर्चावरचे प्रकरण शिकवत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अमेरिकेत सरकारी नोकरांत सगळ्यांत जास्त पगार कुणाला असतो? राज्यपालांना?"

मी म्हणालो, "नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत तो मान सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा आहे. कुलगुरूसुद्धा त्याच्या जवळपास येत नाहीत."

वर्गात हशा पिकला. त्यात एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मग अशा माणसाला निवडतात तरी कसं, सर? मुलाखत घेतात का?" एवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. वार्षिकांकाचे संपादक त्याच वर्गात बसलेले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला शिक्षककक्षात गाठून "सर, तेच लिहून द्या" असा तगादा लावला. मी खेळाडू नाही. परंतु या प्रश्नाचा थोडाफार अनुभव माझ्या वाट्याला आलेला आहे. म्हणून हे धाडस.

प्रथम एक खुलासा करायला हवा. अमेरिकेतला 'फुटबॉल' म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांशी हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. असे करत समोरच्या टोकाची रेषा ओलांडली की सहा गुण. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला असे मानतात. म्हणजे हा खेळ जन्मला तोच महाविद्यालयांत. व्यावसायिक संघ पुष्कळ नंतरचे. त्यामुळे जिथे मोठे व्यावसायिक संघ नाहीत अशा राज्यांत विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ असतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ माणसे बसू शकतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील मैदानातली सारी तिकिटे १९६२ सालापासून प्रत्येक सामन्याला विकली जात आली आहेत. सामन्याच्या दिवशी ते मैदान लोकसंख्येच्या दृष्टीने राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथले लोक सांगतात. मी स्वतः एकदा त्या गर्दीत उभा राहिलो आहे. नातवंडांपासून आजोबांपर्यंत सारे लाल कपड्यांत. आपल्याकडची जत्रा आठवली.

मी २००४ ते २००७ या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. त्याचे नाव इथे घेत नाही. कारण पुढे कळेल. शिष्यवृत्ती तुटपुंजी होती, म्हणून संध्याकाळी खेळाडू विद्यार्थ्यांची शिकवणी घेण्याचे काम पत्करले होते. संख्याशास्त्राच्या प्राथमिक पेपरासाठी माझ्याकडे चार-पाच मुले येत. त्यांत एक धिप्पाड, पण बोलायला लाजाळू असा मुलगा होता. शेतकरी घरातला, हजारभर वस्तीच्या गावातून आलेला. तो 'फुलबॅक' होता. फुलबॅकचे काम चमकायचे नाही. आपल्या संघाचा गडी चेंडू घेऊन मागून येत असतो, त्याच्या पुढे धावायचे आणि वाटेत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवे करायचे. टाळ्या मागच्याला.

या मुलाला विद्यापीठात आणणारा प्रशिक्षक त्याच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून आला होता. "चार वर्षं मी याच्याकडे लक्ष देईन," असे त्याच्या आईला सांगून आला होता. दुसऱ्याच हंगामानंतर त्या प्रशिक्षकाला काढले. नवा आला, त्याने खेळाची पद्धतच बदलली. त्याच्या पद्धतीत चेंडू फेकण्यावर भर होता आणि फुलबॅक ही जागाच नव्हती. मुलगा एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या विद्यापीठात जावे, तर त्या काळच्या नियमाप्रमाणे एक पूर्ण वर्ष सामन्यांपासून दूर बसावे लागे. प्रशिक्षक मात्र आज एका विद्यापीठात आणि उद्या दुसऱ्या, असे खुशाल जाऊ शकत. एका संध्याकाळी सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजावून देत होतो. मध्येच तो म्हणाला, "नवा माणूस निवडताना आम्हाला कुणी काही विचारलंच नाही." तक्रारीचा सूर नव्हता. केवळ एक माहिती दिल्यासारखे तो म्हणाला. मला ते वाक्य विसरता आलेले नाही. प्रशिक्षक कसा निवडावा या प्रश्नाकडे मी तेव्हापासून त्याच्या बाजूने पाहत आलो आहे.

आता ही निवड होते कशी ते पाहू. नेमणूक करतो विद्यापीठाचा क्रीडासंचालक. त्याच्यावर विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नियामक मंडळ. कागदोपत्री एवढेच. प्रत्यक्षात मोठमोठे देणगीदार, प्रशिक्षकांचे दलाल आणि भरपूर शुल्क घेऊन उमेदवार शोधून देणाऱ्या संस्था अशी बरीच मंडळी पडद्यामागे असतात. शिवाय वेळ थोडा. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि साखळी सामने नोव्हेंबरच्या शेवटी संपतात. शाळकरी खेळाडूंनी पुढल्या वर्षासाठी करारपत्रावर सही करायची मुदत डिसेंबरमध्येच येते. त्यामुळे काढणे, शोधणे, नेमणे हे सारे दोन-तीन आठवड्यांत उरकण्याची धडपड असते. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर मिसिसिपी विद्यापीठाचा संघ बारांपैकी अकरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीकडे निघालेला असताना त्याचे प्रशिक्षक लेन किफिन लुइझियाना राज्य विद्यापीठाकडे निघून गेले. वऱ्हाड मांडवात आणि यजमान पसार, असा हा प्रकार. विद्यापीठाने सहायक पीट गोल्डिंग यांच्या हाती संघ सोपवला.

घाईत निर्णय चुकतात, हे तर खरेच. पण मला वाटते, चुकीचे मूळ कारण घाई नव्हे. 'कोण?' हा प्रश्न आधी विचारला जातो आणि 'कशासाठी?' हा नंतर, किंवा कधीच नाही, हे ते कारण. नेब्रास्काची हकीकत यासाठी सांगण्यासारखी आहे. मी शेजारच्याच राज्यात असल्यामुळे ती रोज कानांवर पडत असे.

नेब्रास्का हे शेतीचे राज्य. आजही तिथली वस्ती वीस लाखांच्या आत-बाहेर. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या राज्यांत जसे उत्तम खेळाडू गावोगाव मिळतात, तसे इथे मिळत नाहीत. तरीसुद्धा या विद्यापीठाने १९७० आणि १९७१ साली बॉब डेव्हेनी यांच्या हाताखाली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. डेव्हेनी यांनी आपल्या जागी आपलेच सहायक टॉम ऑस्बर्न यांना बसवले. ऑस्बर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे प्रशिक्षक होते. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्यांचे पहिले अजिंक्यपद मात्र आले १९९४ साली, म्हणजे बाविसाव्या हंगामात. पाठोपाठ १९९५ आणि १९९७ ची आली. आजच्या उतावळेपणात या माणसाला बाविसावा हंगाम पाहायला मिळाला असता का, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारावा.

ऑस्बर्न यांनी काय केले? आपल्याजवळ काय आहे ते ओळखले. जवळ होती शेतावर वाढलेली दणकट मुले. त्यांतली कितीतरी शिष्यवृत्ती न घेता, स्वखर्चाने, केवळ राज्याच्या संघासाठी म्हणून खेळायला येत. या विद्यापीठात व्यायामशाळेसाठी स्वतंत्र तज्ज्ञ १९६९ पासूनच होता; इतरांना ती कल्पना पुष्कळ नंतर सुचली. अशा मुलांना घेऊन त्यांनी चेंडू जमिनीवरून, धावत पुढे नेण्याचा खेळ उभा केला. दूरच्या राज्यांतून दोन-चार चपळ मुले आणली की गाडी चाले. म्हणजे पद्धत निवडली ती परिस्थितीवरून.

ऑस्बर्न निवृत्त झाल्यावर फ्रँक सोलिच आले. हेही घरचेच, स्वतः इथे फुलबॅक म्हणून खेळलेले. त्यांनी सहा हंगामांत ५८ सामने जिंकले, १९ हरले. २००१ च्या हंगामात संघ अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला आणि हरला. २००२ साली सात विजय, सात पराभव अशी घसरण झाली. २००३ साली संघ सावरला, नऊ सामने जिंकला, आणि शेवटच्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, सोलिच यांना काढले. क्रीडासंचालक स्टीव्ह पेडरसन यांचे म्हणणे असे की, आपल्याला सामान्यांच्या रांगेत जाऊन बसायचे नाही. उरलेल्या एका सामन्यापुरते बचावाचे सहायक प्रशिक्षक बो पेलिनी प्रमुख झाले. संघ जिंकला आणि खेळाडूंनी मैदानावरच त्यांच्या नावाचा घोष केला. तो कुणी ऐकला नाही. सुमारे सहा आठवडे शोध चालला आणि नेमणूक झाली बिल कॅलाहन यांची.

कॅलाहन हा लहानसहान माणूस नव्हता. वर्षभरापूर्वीच त्यांनी ओकलंडच्या व्यावसायिक संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. परंतु त्यांची विद्या होती चेंडू फेकण्याच्या खेळाची. त्यासाठी लागणारे खेळाडू नेब्रास्कात पिकत नाहीत. ते दूरवरून आणायचे म्हणजे जिथे बाकीची विद्यापीठे बलवान, तिथे जाऊन त्यांच्याशी स्पर्धा करायची. २००४ साली पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतरचा हा पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग ३५ वर्षे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याचे जे निमंत्रण येत होते तेही चुकले. २००७ साली पेडरसन गेले, मग कॅलाहनही गेले. आणि नेमले कुणाला? चार वर्षांपूर्वी मुलांनी ज्यांच्या नावाचा घोष केला होता, त्या पेलिनींनाच. इकडे सोलिच ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी, ओहायो विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी सोळा हंगाम काढले आणि ११५ सामने जिंकले. त्यांची विद्या आटली नव्हती, हे उघड आहे.

पेलिनी यांनी सात हंगामांत दर वर्षी किमान नऊ सामने जिंकले. पण स्वभाव तापट. त्यांना २०१४ साली काढले आणि नेमले माइक रायली यांना. सौम्य, सज्जन म्हणून त्यांची ख्याती. तीन हंगाम, १९ विजय, १९ पराभव. मग २०१७ अखेर आले स्कॉट फ्रॉस्ट. १९९७ च्या अजिंक्य संघाचा म्होरक्या, घरचा मुलगा, आणि सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला नुकताच अपराजित ठेवून आलेला. यापेक्षा योग्य माणूस कोणता, असे सगळ्यांनाच वाटले. १६ विजय, ३१ पराभव. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तेही गेले.

या हकीकतीतून मला दोन-तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, मागच्या माणसाच्या उणिवेला उत्तर म्हणून पुढचा माणूस निवडू नये. तापट गेला म्हणून सौम्य आणायचा, जुन्या पद्धतीचा गेला म्हणून नव्या पद्धतीचा. अशा वेळी निवड समिती पाहत असते मागे, आणि समजते मात्र की आपण पुढे पाहत आहोत. सासू कडक होती म्हणून सून भोळी शोधावी, तशातला हा प्रकार. दुसरी गोष्ट, 'घरचा माणूस' किंवा 'बाहेरचा मोठा माणूस' ही पात्रता नव्हे. सोलिच घरचे, फ्रॉस्ट घरचे, ऑस्बर्नही तिथलेच सहायक. तिघांचे फळ निराळे. तिसरी आणि माझ्या मते मुख्य गोष्ट म्हणजे समितीने पहिली बैठक उमेदवारांच्या नावांवर घेऊच नये. ती आपल्या स्वतःवर घ्यावी. आपल्या दोनशे मैलांच्या टापूत कसले खेळाडू मिळतात? आपल्याजवळ पैसा किती? प्रवेशाचे नियम किती कडक? किती वर्षे धीर धरण्याची आपली तयारी आहे? यांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. तो कागद म्हणजे खरी जाहिरात. माणूस त्यानंतर.

मग उमेदवाराची मागची कामगिरी पाहायची नाही का? पाहायची, पण परिस्थितीसकट पाहायची. १९८१ साली नोत्र दामसारख्या नामवंत विद्यापीठाने जेरी फॉस्ट यांना थेट शाळेतून उचलले. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलमध्ये त्यांनी १७४ सामने जिंकून केवळ १७ गमावले होते. नोत्र दाममध्ये पाच हंगामांत ३० विजय, २६ पराभव, एक बरोबरी. माणूस तोच, निष्ठा तीच. काम मात्र निराळे होते. त्यांच्यानंतर आलेल्या लू होल्ट्झ यांनी तिसऱ्याच हंगामात, १९८८ साली, अजिंक्यपद मिळवले. होल्ट्झ यांनी त्यापूर्वी अनेक विद्यापीठांचे संघ सांभाळलेले होते.

याच्या उलट उदाहरण क्लेमसन विद्यापीठाचे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या मध्यावर तिथले प्रशिक्षक पायउतार झाले आणि डाबो स्विनी या सहायकाकडे तात्पुरता कारभार दिला. आक्रमणाची किंवा बचावाची संपूर्ण जबाबदारीही ज्याने कधी सांभाळली नव्हती असा हा मनुष्य. उरलेल्या सहा साखळी सामन्यांपैकी चार त्याने जिंकले. विद्यापीठाने त्यालाच कायम केले. २०१६ आणि २०१८ अशी दोन अजिंक्यपदे त्याने मिळवून दिली. अर्जावर पाहिले असते तर स्विनी पहिल्या चाळणीत गळाले असते. क्लेमसनने त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले होते. मुलाखतीत माणूस बोलतो कसा ते कळते. पडत्या काळात सहकाऱ्यांना आणि मुलांना धरून ठेवतो कसा ते तिथे कळत नाही. म्हणून चौकशी करायची ती उमेदवाराच्या हाताखाली राबलेल्यांकडे करावी.

आणि चौकशी म्हणजे कागदपत्रांचीही. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. २००१ च्या ९ डिसेंबरला त्याच नोत्र दामने जॉर्ज ओलिअरी यांची नेमणूक जाहीर केली. पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. विद्यार्थिदशेत आपण विद्यापीठाच्या संघातून खेळलो आणि पदव्युत्तर पदवी मिळवली, अशी जी माहिती त्यांच्या परिचयपत्रात वर्षानुवर्षे छापली जात होती, ती खोटी निघाली. आपल्याकडे साध्या कारकुनाच्या जागेसाठीदेखील मूळ प्रमाणपत्रे तपासून घेतात. तिथे कोट्यवधींच्या जागेसाठी एक दूरध्वनी करायचे राहून गेले. त्यांच्या जागी टायरोन विलिंगहॅम आले. नोत्र दामचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. तीन हंगामांत २१ विजय, १५ पराभव, आणि २००४ अखेर त्यांनाही काढले. त्यांच्या आधी संघ सांभाळलेल्या प्रशिक्षकाला पाच हंगाम मिळाले होते. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात एडी रॉबिन्सन यांनी १९४१ साली काम सुरू केले आणि १९९७ साली निवृत्त होईपर्यंत ४०८ सामने जिंकले. खेळाडूंत कृष्णवर्णीय मुले एवढ्या मोठ्या संख्येने असताना मुख्य प्रशिक्षकांत ते इतके थोडे का, हा प्रश्न तिथे आजही विचारला जातो. समिती ओळखीच्याच वर्तुळात शोधत राहिली, तर तिला ओळखीचेच चेहरे सापडणार.

आता पैशाकडे वळतो. शेवटी मी अर्थशास्त्राचा शिक्षक. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०१७ साली जिंबो फिशर यांच्याशी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार केला. ते फ्लोरिडा राज्य विद्यापीठाला २०१३ चे अजिंक्यपद मिळवून देऊन आलेले होते. पुढे चांगला हंगाम गेला म्हणून २०२१ साली करार आणखी वाढवला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काढले, तेव्हा करारातील उरलेल्या वर्षांपोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठाला भाग होते. काम न करण्याबद्दल एवढे पैसे! नेब्रास्काने तर फ्रॉस्ट यांना काढताना आणखी वीस दिवस कळ सोसली असती, तर द्यायची रक्कम दीड कोटीवरून पाऊण कोटी डॉलरवर आली असती. तेवढाही धीर निघाला नाही. करार करताना विद्यापीठ आनंदात असते आणि मोडताना रागात. दोन्ही वेळी हिशेब बाजूला राहतो. म्हणून कराराचा मसुदा नाव ठरण्यापूर्वी तयार असावा. पगाराचा आकडा मोठा असला तरी चालेल, पण काढायची वेळ आली तर काय द्यावे लागेल, हे सहीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे.

पैशापेक्षाही जड गोष्ट आहे अधिकाराची. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात जो पटर्नो हे १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर ४०९ विजय. त्यांचा माजी सहायक लहान मुलांवर अत्याचार करत असल्याचे प्रकरण २०११ साली उघडकीस आले. तक्रार वर्षांपूर्वी कानांवर येऊनही योग्य ठिकाणी गेली नाही, म्हणून पटर्नो आणि विद्यापीठाचे अध्यक्ष या दोघांनाही जावे लागले. सहायकाला २०१२ साली शिक्षा झाली. एखादा विभाग इतका पूज्य होऊ द्यायचा की त्याच्याविषयी प्रश्न विचारणे पाप वाटावे, याचा परिणाम काय होतो ते इथे दिसले. नवा प्रशिक्षक निवडताना 'तो जिंकेल का?' एवढेच विचारून भागत नाही. तो चुकला तर त्याला प्रश्न विचारण्याची आपली हिंमत राहील का, हेही विचारावे लागते. हा प्रश्न खरे तर उमेदवाराला नसतो, समितीला असतो.

यावर कुणी म्हणेल, निक सेबन यांच्यासारखा एक माणूस मिळाला की सारे प्रश्न सुटतात. अलाबामा विद्यापीठाने २००७ च्या जानेवारीत त्यांना आणले आणि त्यांनी २०२४ साली निवृत्त होईपर्यंत सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. खरे आहे. परंतु त्यापूर्वी, २००६ च्या डिसेंबरमध्ये, अलाबामाने वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिग्ज यांना विचारले होते आणि त्यांनी नकार दिला होता. होकार मिळाला असता तर सेबन आलेच नसते. निवडीत नशिबाचा भाग असतो तो असा. नशीब समितीच्या हाती नाही. पद्धत हाती आहे. म्हणून पद्धतीचा आग्रह धरायचा.

शेवटी पुन्हा त्या फुलबॅककडे येतो. तो कुठे गेला नाही. वजन कमी करून दुसऱ्या जागेवर खेळायचा प्रयत्न त्याने केला, पण जमले नाही. सामन्याच्या दिवशी तो कडेला उभा राहून इतरांना पाणी देई. संख्याशास्त्रात मात्र चांगल्या गुणांनी पास झाला आणि पदवी घेऊन गावी गेला. आता नियम पुष्कळ बदलले आहेत. २०२१ पासून खेळाडूंना वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येऊ लागले. त्याच वर्षी स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आज तो मुलगा असता तर प्रशिक्षक बदलताच दुसरीकडे गेला असता. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाचे पहिले काम आता पत्रकार परिषद हे नसते. असलेल्या मुलांना एकेकटे बोलावून 'राहा' असे पटवणे, हे असते. जे विद्यापीठाने आपणहून करायला हवे होते, ते नियमाने आणि बाजाराने करायला लावले.

तरीही माझ्या मते एवढ्याने भागत नाही. निवड समितीत दोन चालू खेळाडू असावेत, एक माजी, आणि त्या मुलांना वर्गात शिकवणारा एक शिक्षक. त्यांना मताचा अधिकार नसला तरी चालेल, पण उमेदवाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. अशा समितीत मला कधी बसवले, तर मी एकच प्रश्न विचारीन: "तुमच्या आधीच्या माणसाने आणलेली जी मुले तुमच्या पद्धतीत बसत नाहीत, त्यांचे तुम्ही काय करणार?" ज्याच्याजवळ याचे उत्तर तयार असेल, त्याने हे काम म्हणजे काय ते ओळखले आहे. "ते त्यांचं ते बघतील" असे जो म्हणेल, तो कदाचित सामने जिंकेलही. पण त्याने कुणाच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून शब्द देऊ नये.

वर्गातल्या त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे राहिले होते. "मुलाखत घेतात का?" तिने विचारले होते. घेतात, पण ती बहुधा विद्यापीठाने स्वतःचीच आधी घ्यायला हवी असते.